फ्लोअरिंग-कार्पेटची कामं घेणाऱ्यांनी विमा कोणता काढावा?

रंधा

नमस्कार मंडळी. पुण्यात १४ वर्षं लाकडी फ्लोअरिंग, व्हिनायल आणि कार्पेट टाइल्स बसवायची कामं घेतो. कायमचे ६ कारागीर आहेत, मोठं काम आलं की आणखी चार-पाच जण. विमा म्हणजे टेम्पोचा आणि दुकानाचा, एवढंच आजवर माहीत होतं.

गेल्या पावसाळ्यात बाणेरला एका फ्लॅटमध्ये लॅमिनेट टाकत होतो. बाथरूमच्या दाराशी पट्टी बसवायला ड्रिल मारलं आणि खाली पाण्याची लाइन निघाली. त्या वेळी वर काहीच दिसलं नाही. पाणी लॅमिनेटखालून झिरपत राहिलं. शनिवारी संध्याकाळी कुलूप लावून निघालो आणि सोमवारी सकाळी खालच्या मजल्यावरून फोन आला. त्यांचं पीओपी खाली आलं होतं, ओट्याखालच्या ट्रॉल्यांची कपाटं फुगली होती. मी तिथेच चूक कबूल केली आणि पुढच्या दोन आठवड्यांत १,८५,००० रुपये भरून दिले. चूक माझ्या माणसाची होती, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण दुकानाची पॉलिसी घेऊन एजंटकडे गेलो तेव्हा कळलं, की ती दुकानाच्या चार भिंतींतल्या मालापुरती आहे. गिऱ्हाइकाच्या घरात काय होतं त्याच्याशी तिचा संबंध नाही.

आता हिंजवडीच्या एका ऑफिसचं ११,००० चौरस फूट कार्पेट टाइलचं काम मिळतंय. मुख्य इंटिरियर ठेकेदाराने वर्क ऑर्डरमध्ये लिहिलंय: कामगार भरपाई पॉलिसी हवी, ५० लाखांची पब्लिक लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीची पॉलिसी) हवी, आणि काहीही झालं तर सगळी जबाबदारी माझी असं हमीपत्र हवं. एका एजंटने 'सगळं कव्हर होतं' म्हणून एकच पॉलिसी पुढे केली. तिचे २७ पानांचे नियम वाचले, निम्मे कळले नाहीत. इथे कुणी या धंद्यातलं किंवा विम्यातलं असेल तर कृपया सांगा.

हिशेबवही

रंधा, जनरल इन्शुरन्समध्ये २२ वर्षं काढून निवृत्त झालोय. मला काही विकायचं नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

'सगळं कव्हर होतं' अशी पॉलिसी नसते. तुमच्या धंद्यात तीन वेगळी नुकसानं आहेत: तुमच्या माणसाला इजा, दुसऱ्याच्या घराचं किंवा माणसाचं नुकसान, आणि तुमचा स्वतःचा माल. तिन्हींचे कागद वेगळे. सुरुवात माणसापासून करा. तिथे कायदा थेट तुमच्या दारात येतो, तुम्ही पॉलिसी काढली असो वा नसो.

१९२३ चा कामगार भरपाई कायदा सगळ्यांच्या ऐकण्यात आहे. तो आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावलाय आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. हिशेबाची रीत तीच आहे. कामावर मृत्यू झाला तर मासिक पगाराच्या ५० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० च्या जागी ६० टक्के. पगार कितीही असला तरी हिशेबाला १५,००० च्या वर धरत नाहीत; ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ८,००० होती. तुमचा फिटर ३० वर्षांचा असेल तर आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, १५,५९,८५० रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात भरली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही, तो तुमच्याच खिशातून जातो. म्हणून अपघाताची खबर त्याच दिवशी कंपनीला लेखी द्यायची.

आता तुमच्या वर्क ऑर्डरचं. ज्याचा धंदाच इंटिरियरचा आहे त्याने कामाचा एक भाग तुम्हाला दिला, आणि तुमच्या माणसाला इजा झाली, तर कायदा आधी त्या मुख्य ठेकेदारालाही धरू शकतो. मग तो तुमच्याकडून वसूल करतो. त्यामुळे तो पॉलिसी मागतोय यात वावगं काही नाही. हमीपत्राबद्दल मात्र सावध राहा, त्यावर पुढे लिहितो. जेवायला बोलावतायत.

ओळंबा

हिशेबवही काका, एक शंका. मी टाइल्सची कामं घेतो. वारजे नाक्यावरून सकाळी दोन-तीन बिगारी उचलतो, संध्याकाळी पैसे देऊन मोकळं. आज एक, उद्या दुसरा. त्यांची नावं मलाच माहीत नसतात. ते माझे कामगार कसे?

हिशेबवही

@ओळंबा, एका दिवसासाठी आणलेला माणूसही तुमचाच. नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्द जुन्या कायद्यात होते, ते २००० सालच्या दुरुस्तीत काढून टाकले. बांधकाम आणि दुरुस्तीवर रोजंदारीने आलेला माणूस गोणी उचलताना जिन्यावरून पडला तर जबाबदारी तुमची.

पॉलिसीत नावं घालावीच लागतात असं नाही. कामाचा प्रकार, माणसांची संख्या आणि वर्षभराची एकूण मजुरी सांगून पॉलिसी काढता येते. पण एक वही हवीच: तारीख, नाव, वय, साइट, दिलेले पैसे. दावा उभा राहिला की सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा, हीच वही मागतो. ६ माणसं दाखवायची आणि साइटवर ११ ठेवायची, असं करून हप्ता वाचवणारे मी खूप पाहिले. अपघात झाल्यावर ते माझ्यासमोर रडलेलेही पाहिले.

शिवाय प्रस्ताव अर्जात काम जसं आहे तसंच लिहा. 'सुतारकाम' लिहून आत तुम्ही कटर चालवत असाल, दुसऱ्या शहरात माणसं पाठवत असाल, तर ते लिहिलेलं नसणं हेच उद्या नकाराचं कारण होतं.

कोटा

मी सांगलीचा. मार्बल-ग्रॅनाइट, कोटा, पॉलिश, सगळं करतो. माझ्यावर काय बेतलं ते सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडंल.

२०२२ साली मिरजेत जिन्याच्या पायऱ्या बसवत होतो. माझा एक पोरगा, २५ वर्षांचा, ग्राइंडरनं नोजिंग मारत होता, म्हंजे पायरीची कड गोल करत होता. मशीनचं गार्ड काढलेलं. आमच्याकडं सगळेच काढत्यात, कोपऱ्यात हात जात न्हाई म्हणून. चकती फुटली आणि त्याचं उजव्या हाताचं पहिलं बोट मुळापासून गेलं. मी त्याला घिऊन पळालो, दवाखान्याचे ९०,००० रुपये भरले, तीन महिने बसून पगार दिला. माझ्या मनात खोट नव्हती. पण एका ओळखीच्यानं सांगितलं म्हणून ५०० च्या स्टँपवर त्याची सही घेतली: 'मला सर्व भरपाई मिळाली, यापुढं माझा कसलाही हक्क नाही.' मला वाटलं, मिटलं.

वर्षभरानं त्याच्या गावच्या वकिलाची नोटीस आली. माझ्या वकिलानं कागद बघितला आणि म्हणाला, ह्या स्टँपला किंमत नाही. १९२३ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं, कामगारानं आपला भरपाईचा हक्क सोडून दिला असा कुठलाही करार रद्दबातल. पहिलं बोट पूर्ण गेलं तर कमाईची ताकद १४ टक्के गेली, असं कायद्याच्या तक्त्यातच लिहिलेलं हाय. वयाचा आकडा २१६.९१. पगार १५,००० धरला, त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले २१६.९१, त्याच्या १४ टक्के. २,७३,००० च्या वर रक्कम होती, त्यावर व्याज. भरली. त्याचा हक्कच होता. मला दुःख एवढंच, की त्या पोरानं वर्षभर मला फोन केला न्हाई, कारण त्याला वाटलं मी सही घेऊन फसवलं.

गार्ड काढलं होतं म्हणून कामगाराचीच चूक, असं आमचे बाकीचे ठेकेदार म्हणाले. वकिलानं तेही खोडून काढलं. सुरक्षेसाठीच बसवलेली वस्तू आहे हे माहीत असून कामगारानं आपल्या मनानं काढली, तरच ते चालतं. इथं मी रोज बघत होतो आणि गप्प होतो.

आता माझ्याकडं पॉलिसी हाय आणि गार्डबिगर मशीन चालत न्हाई.

हिशेबवही

कोटा, इतक्या प्रामाणिकपणे लिहिलंत, आभार. त्याला एक जोड देतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर 'गार्ड काढलं', 'दारू प्यायला होता' हे बचाव चालतच नाहीत. आणि मृत्यूच्या भरपाईची रक्कम घरच्यांच्या हातात परस्पर द्यायची नसते. ती कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची, तो वारसांत वाटतो. चांगल्या मनाने विधवेच्या हातात ५ लाख ठेवले तरी कायद्याच्या लेखी ती भरपाई दिली असं होत नाही. तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम तेवढी अवलंबितांना देता येते.

पॉलिसी घेताना तीन गोष्टी वेगळ्या मागून घ्या, त्या सहसा आपोआप येत नाहीत: उपचाराचा खर्च आणि त्याची मर्यादा, उपठेकेदाराची माणसं, आणि व्यवसायजन्य आजार. शेवटचं दगड कापणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. सिलिकोसिस, म्हणजे दगडाची धूळ फुफ्फुसांत जाऊन होणारा आजार, हा कायद्याच्या यादीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. क्वार्ट्झ, ग्रॅनाइट, विट्रिफाइड कोरडं कापताना जी पांढरी धूळ उडते तीच ती.

बाभूळ

माझं मत थोडं वेगळं आहे. आम्ही दोन माणसांत काम करणारे लोक. इतके हप्ते परवडत नाहीत. माझ्या दोन्ही पोरांची मी बँकेत २० रुपयेवाली पंतप्रधान सुरक्षा विमा योजना उघडून दिलीय, अपघाती मृत्यूला २ लाख. शिवाय बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे. एवढं पुरे नाही का?

हिशेबवही

@बाभूळ, दोन्ही केलंत हे फार चांगलं, प्रत्येकाने करावं. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर कामावरच्या मृत्यूला वारसांना ५ लाख मिळतात. अट वर्षात ९० दिवस कामाची, आणि ते प्रमाणपत्र तुम्हीच द्यायचं असतं. अनेक ठेकेदार ते द्यायला टाळतात, हे मला अजिबात पटत नाही.

पण ही रक्कम त्या कुटुंबाची. ती तुमच्या जबाबदारीतून वजा होत नाही. वर ३० वर्षांच्या माणसाचा आकडा दिलाय. २ लाख आणि ५ लाख मिळूनही मालकाकडून येणं असलेले १५ लाख ५९ हजार तसेच उभे राहतात. दोन माणसांचा धंदा असेल तर हप्ताही दोन माणसांच्या मजुरीवरच बसतो. एकदा विचारून तर बघा.

एक फरक लक्षात ठेवा: १० किंवा जास्त माणसं असतील आणि कर्मचारी राज्य विमा लागू असेल, तर २१,००० पर्यंत पगार असलेल्यांची अपघाताची भरपाई त्या योजनेतून येते, मग तोच दावा तुमच्यावर लागत नाही.

जाजम

मुंबईत २० वर्षं कार्पेटचं काम. प्रदर्शनांचे हॉल, हॉटेलांचे बँक्वेट, वॉल-टू-वॉल. आमच्या धंद्यातला खरा धोका आग आहे, त्यावर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय.

रबर सोल्युशनचा डबा उघडला की वाफ जमिनीलगत पसरते. बंद हॉल, एसी बंद, खिडक्या नाहीत. अशा जागी कुणी हॅलोजन लावला, कटर चालवला, साधा प्लग काढला तरी पेट घेतं. चार वर्षांपूर्वी एका बँक्वेटमध्ये आमचं तेच झालं. दोघांचे हात भाजले. ३०० फुटांचं कार्पेट, मागचा पडदा आणि भिंतीचं लाकडी पॅनेलिंग गेलं. पब्लिक लायबिलिटी होती. सर्व्हेअरचे पहिले प्रश्न असे: डबे किती होते? झाकणं उघडी होती का? आग विझवायचं यंत्र किती पावलांवर होतं? माझ्या सुपरवायझरला रोज सकाळी साइटचा फोटो काढून पाठवायची सवय आहे, त्या फोटोंनी वाचवलं. पडदा आणि पॅनेलिंगचे पैसे मिळाले. कार्पेटचे नाही, कारण ते आमचं स्वतःचं चालू काम होतं. मुलांच्या उपचाराचे पैसे कामगार पॉलिसीतून आले. तिन्ही कागद वेगळे असतात हे मी त्या दिवशी शिकले.

त्यानंतर जिथे चालतं तिथे पाण्यावर आधारित अ‍ॅडहेसिव्हच वापरतो. महाग पडतं, सुकायला वेळ लागतो. गिऱ्हाइकाला आधीच सांगते.

रंधा

जाजमताई, हे वाचून मी लगेच दुकानात जाऊन सोल्युशनचे डबे मोजले. १९ निघाले, आणि शेजारीच इन्व्हर्टर. आज हलवतो.

हिशेबवही काका, ५० लाखांच्या त्या पब्लिक लायबिलिटीबद्दल सांगाल का? बाणेरचे माझे पैसे तिच्यातून मिळाले असते का?

हिशेबवही

मिळाले असते, बहुतेक. पण तुम्ही जे केलंत ते केलं असतं तर नाकारलेही गेले असते.

आधी नावाचा गोंधळ दूर करतो. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा हा भोपाळनंतर आलेला, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठीचा. तुम्हाला हवी ती त्या कायद्याखालची नव्हे. साधी पब्लिक लायबिलिटी किंवा सीजीएल (कमर्शियल जनरल लायबिलिटी) हवी. एजंटकडून नीट खात्री करून घ्या.

या पॉलिसीत तुमच्या कामामुळे तिसऱ्याचं नुकसान झालं तर ते येतं. खालच्या मजल्याचं पीओपी, ट्रॉल्या, हे त्यात बसलं असतं. लॅमिनेट स्वतः फुगलं, सांधे उघडले, ओलावा न तपासता टाकल्यामुळे उचललं, त्याचे पैसे मिळत नाहीत. वाईट काम परत करून देणं हा धंद्याचा खर्च, विम्याचा नव्हे. गिऱ्हाइकाच्या इटालियन मार्बलवर तुमच्या पॉलिश मशीनने चरे पाडले तर? ज्या वस्तूवर तुमचा हात चालू आहे किंवा जी तुमच्या ताब्यात आहे, ती बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असते. फ्लोअरिंगवाल्यांचं सगळ्यात मोठं भांडण इथेच होतं. 'ज्यावर काम चालू आहे ती मालमत्ता' हे कलम शोधा, आणि तिला थोडी तरी मर्यादा जोडून मिळते का ते लेखी विचारा.

काम संपवून चावी दिल्यानंतर दोन महिन्यांनी गळती उघडी पडली तर ती धरली जाते का, हे दुसरं. आणि तिसरं, दावा पॉलिसी चालू असतानाच यावा लागतो की घटना त्या काळात घडलेली असली तरी चालतं. पहिल्या प्रकारची असेल तर ती एक दिवसही खंडू देऊ नका, आणि मागची कोणती तारीख तिच्यात धरली आहे ते पाहा.

५० लाख लिहिलेलं असतं त्याचे दोन अर्थ असतात: एका अपघाताला किती आणि पूर्ण वर्षाला मिळून किती. वर्क ऑर्डरमध्ये एका अपघाताला ५० लाख म्हटलं असेल आणि तुमच्या कागदावर एका अपघाताला २५ असेल, तर तुम्ही अट मोडली.

हमीपत्र: कायद्याने जेवढी जबाबदारी येते तेवढी पॉलिसी घेते. 'कुणाचीही चूक असो, सगळं रंधा भरेल' असं तुम्ही सही करून दिलंत, तर तेवढा जास्तीचा भाग तुमच्या अंगावर. ठेकेदाराला सांगा, 'माझ्या किंवा माझ्या माणसांच्या निष्काळजीपणामुळे' एवढे शब्द घाला. भला माणूस असेल तर घालेल.

आणि बाणेर. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, शब्द द्यायचा नाही, ही अट जवळपास प्रत्येक दायित्व पॉलिसीत असते. तुमचा स्वभाव सरळ, तुम्ही त्याच दिवशी कबूल केलंत. माणुसकीला ते शोभतं, पण पॉलिसी असती तर तुमचा दावा अडकला असता. खालच्या बाईंना सांगायचं: 'मी आलोय, पाणी बंद करतोय, सामान हलवायला मदत करतो, विमा कंपनीला आत्ता कळवतोय.' पाणी बंद करणं आणि नुकसान वाढू न देणं हे तर करायलाच हवं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

चौथा मजला

मी ठाण्यातल्या ८४ सदनिकांच्या सोसायटीचा सचिव आहे. आमच्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी फरशी बदलतं. आम्ही २५,००० अनामत घेतो आणि ठेकेदाराचं आधार कार्ड. पॉलिसीची प्रत मागायला सुरुवात केली तर ठेकेदार भलतीच प्रत आणून देतात. मागच्या महिन्यात एकाने स्वतःच्या आरोग्य विम्याचं कार्ड दिलं. प्रत हातात आली की आम्ही काय पाहायचं?

हिशेबवही

पॉलिसीवर त्याच ठेकेदाराचं किंवा त्याच्या फर्मचं नाव, कामाच्या तारखा पॉलिसीच्या मुदतीत बसतात का, कामाचं वर्णन फरशी-फ्लोअरिंगचं आहे का, आणि ठिकाण. काहींवर फक्त दुकानाचा पत्ता असतो, मग ठाण्याची साइट तिच्यात नाही. 'महाराष्ट्रात कुठेही' असं हवं. माणसांची संख्या गेटवरच्या वहीशी ताडून पाहा. शंका आली तर पॉलिसीवरच्या क्रमांकाने कंपनीकडून खात्री करून घ्या.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते, ठेकेदार नाही, पण इथला अनुभव सांगते. बेसमेंटला व्हिनायल टाकायचं होतं. इथे घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला राज्याकडे नोंदणी करावी लागते आणि दर घटनेला किमान ५ लाख डॉलर्सची जनरल लायबिलिटी ठेवावी लागते. कामगारांचा विमा वेगळा सक्तीचा. काम सुरू व्हायच्या आधी ठेकेदाराच्या एजंटकडून 'अकॉर्ड २५' नावाचं एक पानी प्रमाणपत्र थेट मला ईमेलने आलं. सचिव साहेब, यातला 'थेट' हा भाग तुम्हालाही उपयोगी पडेल. ठेकेदाराच्या हातून प्रत घेण्यापेक्षा एजंटलाच पाठवायला सांगा.

मात्र त्या प्रमाणपत्रावर वरच छापलेलं असतं, की हे फक्त माहितीसाठी, याने धारकाला कोणताही हक्क मिळत नाही. शेजारच्या काकांनी ते दाखवून दिलं तेव्हा मी मूळ पॉलिसीत माझं नाव जादा विमाधारक म्हणून घालून घेतलं.

कोटा

मालाच्या विम्याचं बी कुणीतरी लिहा. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आली तेव्हा माझं गोडाऊन सात दिवस पाण्यात होतं. दगडाला काय होत न्हाई, धुऊन घेतला. पण शेजारच्या दोस्ताचा गालिच्यांचा आणि लॅमिनेटचा सगळा माल कुजला. त्याची पॉलिसी होती, माल २० लाखांचा आणि विमा १० लाखांचा. हप्ता कमी पडावा म्हणून. वरच्या रॅकवरचा माल वाचला, ४ लाखांचा गेला. त्याला वाटलं, विमा १० चा हाय, ४ तर मिळतीलच. मिळाले २.

हिशेबवही

बरोबर आहे. निम्म्या मालाचा विमा म्हणजे प्रत्येक नुकसानीचा निम्माच वाटा मिळतो. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आलीय, एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला. त्यात १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे, त्यापुढे हाच हिशेब. आग, वीज, पूर, वादळ हे त्यात येतं. चोरीला वेगळी पॉलिसी, आणि तीही बहुतेक वेळा कुलूप-दार फोडून झालेल्या चोरीला. साइटवर उघडी ठेवलेली ड्रिल-कटर मशीनं गेली तर तिच्यातून काही मिळत नाही. जाजमताईंचे डबे गोडाऊनमध्ये असतील तर तेही अर्जात लिहायचे.

मोरबीहून टाइल्स मागवणाऱ्यांनी ट्रान्झिट पॉलिसीचं (माल वाहतुकीच्या विम्याचं) 'ए' कलम घ्या. 'बी'मध्ये ट्रक उलटला, धडकला, पेटला एवढंच. खड्ड्यांत आदळून पेट्या फुटल्या तर नाही.

ओळंबा

आणि कंपनीने दावा नाकारला तर? आमच्यासारख्यांनी कुठल्या कोर्टात जायचं?

हिशेबवही

आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. एकल मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योग तिथे जाऊ शकतात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं. पुण्यातलं कार्यालय नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर आहे. धंद्याची उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करून ठेवा.

रंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते कळवतो.

तीन ठिकाणी विचारलं. कामगार भरपाई पॉलिसी ११ माणसांची घेतली, उपचाराचा खर्च आणि उपठेकेदाराची माणसं जोडून. पब्लिक लायबिलिटी एका अपघाताला ५० लाख, संपूर्ण महाराष्ट्र. 'ज्यावर काम चालू आहे' ते कलम वगळायला कंपनी तयार झाली नाही, २ लाखांपर्यंत मात्र जोडून दिलं. दोन्ही मिळून जीएसटीसकट ४०,००० च्या आत बसलं. बाणेरला एका ड्रिलच्या भोकाने त्याच्या चौपटीहून जास्त नेले होते. हमीपत्रातले शब्द मुख्य ठेकेदाराने बदलून दिले, दोनदा फोन करावा लागला एवढंच. डबे आता मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, इन्व्हर्टरपासून लांब. आणि कामाआधी पाइप शोधायचं यंत्र घेतलंय, दारांपाशी ते फिरवल्याशिवाय ड्रिल नाही.

माणसांची यादी करायला बसलो तेव्हा एक गोष्ट कळली. दोघांची वयं वहीत अंदाजाने लिहिलेली होती, आधारवर वेगळी निघाली. एकाला मी ३५ चा धरत होतो, तो २९ चा आहे. हिशेबवही काकांनी वयाचा आकडा समजावला नसता तर ते तसंच राहिलं असतं. दुरुस्त केलं.

सोमवारी हिंजवडी सुरू होतंय. काल संध्याकाळी सगळ्यांना दुकानात बोलावून पॉलिसीचा क्रमांक, कंपनीचा फोन आणि कामावर काही झालं तर कुणाला काय मिळतं हे एका कागदावर हिंदीत लिहून दिलं. उत्तर प्रदेशातल्या गोंडाहून आलेला फिटर आहे, फारसा बोलत नाही. त्याने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, याचा फोटो घरी बायकोला पाठवू का. म्हटलं पाठव, आणि तिला सांभाळून ठेवायला सांग.